बॅटरी नवी, तरी गाडी बंद: एका घराच्या १८ दिवसांचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी ७ वर्षांची, आणि सोबत बायकोचे वडील. वडिलांच्या गुडघ्याचा सांधा बदलून चार आठवडे झाले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला त्यांची फिजिओथेरपी असायची. घरात वाहनं दोन: ६ वर्षं जुनी, ६८,००० किलोमीटर झालेली पेट्रोलची ऑटोमॅटिक मोटार आणि बायकोची स्कूटर. मोटार नवराच चालवायचा. बायकोकडे परवाना होता, पण दोन वर्षांत तिने स्टेअरिंगला हात लावला नव्हता.

घरात मोटारीला 'नवऱ्याची गाडी' म्हणत. कामं मात्र ती सगळ्या घराची करायची. सकाळी ७:४० ला मुलगी शाळेत, तिथून नवरा २४ किलोमीटरवरच्या ऑफिसात, आठवड्यातून दोनदा वडील थेरपीला, शनिवारी आठवड्याचं सामान. डिकीचं तर कपाटच झालं होतं. वडिलांचा घडीचा वॉकर, मुलीची बूस्टर सीट, रेनकोट, ऑफिसच्या दाराचं कार्ड, सगळं तिथेच. गाडी बंद पडली तेव्हा 'आता हा ऑफिसला कसा जाणार' एवढाच प्रश्न सगळ्यांना पडला. बाकीचे प्रश्न एकेक करून, नेमके नको त्या वेळी समोर आले.

पहिला आठवडा: बिघाड आणि चुकलेलं निदान

सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटकटक. असा भराभर आवाज आला की बहुतेक वेळा बॅटरीत ताकद उरलेली नसते. सेल्फची रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढली जाते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटते, पुन्हा ओढली जाते. याउलट एकच ठणठणीत 'टक्' होऊन शांतता पसरली तर संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यायचा. इथे दिवेही मंद होते, म्हणजे बॅटरी उतरली हा अंदाज बरोबर होता. ती का उतरली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप दिला. केबल लावण्याचा क्रम त्यांनी बरोबर पाळला: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीवर उडू द्यायची नाही. गाडी सुरू झाली, नवरा ऑफिसला गेला, संध्याकाळी परतही आला.

मंगळवारी पुन्हा तेच. दुपारी फिटर घरी आला, त्याने लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासणारं यंत्र) लावला, बॅटरी 'फेल' दाखवली आणि ४५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवून जुनी बदल्यात घेऊन गेला. जुनी साडेतीन वर्षांची होती, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक इथे झाली. उतरलेली बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास होणारच, ती आतून धडधाकट असली तरी. आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास तशीच ठेवायची आणि मग तपासायची. त्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही. जुनी बॅटरी परत गेल्यामुळे ती खरंच खराब होती की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरी तपासणी दोन मिनिटांची होती आणि तीच राहिली. साध्या मल्टिमीटरचा स्विच डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन टर्मिनलवर टोकं टेकवायची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. मग इंजिन चालू करून पुन्हा बघायचं. आता १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावूनही १३.५ च्या आसपास टिकायला हवं. इंजिन चालू असताना आकडा १२ वरच रेंगाळत असेल किंवा हळूहळू उतरत असेल, तर बॅटरीला कुणी काही देतच नाहीये, ती नुसती खर्च होतेय. (काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर हे व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये, सगळे दिवे लावून दोन-तीनदा बघावं.)

इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. तो खराब असला तरी नवी बॅटरी ते दोन-तीन दिवस झाकून ठेवते. गाडी चालताना इंधनपंप, इग्निशन, कॉम्प्युटर, पंखा, दिवे, वायपर मिळून ३० अँपिअर सहज खातात. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी एकटीने हा भार कागदावर दीड तास पेलेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. या गाडीतला अल्टरनेटर अधूनमधून काम करत होता, म्हणून बुधवार-गुरुवार निभावले. गुरुवारी संध्याकाळी डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह काही सेकंद मिणमिणलं आणि गेलं. नवरा म्हणाला, 'बॅटरी तर कालपरवाच बदललीय.' त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असतं आणि घोटाळा तिथेच होतो. तो दिवा चार्जिंग होत नसल्याचा असतो. मागाहून आठवलं की आधीच्या दोन आठवड्यांतही तो असा दोनदा लागून गेला होता.

शुक्रवार संध्याकाळ

वडिलांना थेरपीला न्यायला नवरा ऑफिसातून निघाला होता. पाऊस, म्हणजे वायपर, हेडलाइट, काचेवरचं बाष्प घालवायला पंखा, सगळंच चालू. आधी वायपर मंदावले, मग एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि स्टेअरिंगचा दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं आणि इंजिन बंद पडलं. हा क्रम ओळखून ठेवण्यासारखा आहे. डॅशबोर्डवर असंबद्ध दिवे एकापाठोपाठ लागायला लागले तर त्या प्रत्येक यंत्रणेत बिघाड झालेला नसतो, व्होल्टेज पडत असतं. अशा वेळी पंखा, एसी, रेडिओ, मोबाइलचा चार्जर बंद करायचा आणि इंजिन चालू आहे तोवरच सुरक्षित जागा गाठायची. पावसात आणि अंधारात हेडलाइट मात्र चालूच ठेवायचे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला दोन-तीन दाबांपुरती मदत उरते. पुढे पाय बराच जोरात द्यावा लागतो, पण ब्रेक लागतो.

त्याने गिअर न्यूट्रलला आणला, दोन जणांच्या मदतीने गाडी कडेला ढकलली, पार्किंगला टाकली, इंडिकेटर लावले. पाऊण तासात तेही विझले. मागच्या वाहनांना इशारा देणारा त्रिकोण डिकीत होता, पण वॉकर आणि पिशव्यांच्या खाली. तो बाहेर काढायला भर वाहतुकीत गाडीमागे वाकून उभं राहावं लागलं. तेवढा वेळ धोक्याचा होता.

टोइंगवाला आला तेव्हा आणखी अर्धा तास गेला, कारण बॅटरी मेली की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअर पार्किंगमधून निघत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटं झाकण असतं. ते उचकटून आत किल्लीने किंवा स्क्रूड्रायव्हरने दाबायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दांडा न्यूट्रलला आणायचा. हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि पुस्तक ग्लोव्हबॉक्समध्येच होतं. शेवटी गाडी सपाट ट्रकवर चढवली. तो आग्रह नवऱ्याने धरला आणि बरोबर धरला. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक गाडी तीच चाकं रस्त्यावर ठेवून ओढली, तर गिअरबॉक्समधला तेलाचा पंप बंद असतो आणि आतले भाग कोरडे घासले जातात.

घरी वडील कपडे घालून दाराशी खुर्चीवर बसले होते. मंगळवारची थेरपी आधीच बुडाली होती, ही दुसरी. वॉकर ट्रकवरून गॅरेजला गेला होता. रात्री बायको म्हणाली, 'तू बॅटरी बदलली होतीस ना?' प्रश्न साधाच होता, पण दिवसभर भिजलेल्या माणसाला तो आरोप वाटला. ते भांडण इथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. दोघांचं म्हणणं खरं होतं, एवढं पुरे.

घरातली अडचण

सोमवार ते शुक्रवार घरात रोज रात्री दहाला एकच चर्चा झाली होती: उद्या काय? पाच रात्री पाच वेगळ्या तडजोडी, कारण गाडी मधले दिवस चालली तरी तिचा भरवसा उरला नव्हता. बायको रोज साडेपाचला उठून मुलीला स्कूटरवर सोडून येत होती, टॅक्सी शोधत होती, थेरपी केंद्राला फोन करत होती. नवरा सहकाऱ्यांना 'उद्या सोडशील का' विचारत होता. गाडी उद्या मिळेल या आशेवर प्रत्येक दिवस तेवढ्यापुरता निभावला जात होता.

'उद्या मिळेल' हे गृहीतक गाडी नसण्यापेक्षा जास्त त्रास देतं. त्यामुळे दोन दिवसांपलीकडची कुठलीच सोय लागत नाही. थेरपीची वेळ बदलत नाही, कारण 'तोवर गाडी येईलच'. सहकाऱ्याला आठवड्याचं विचारता येत नाही, म्हणून रोज विचारावं लागतं, आणि रोज विचारणं आठवड्याचं एकदा विचारण्यापेक्षा जड जातं. शिवाय कोण कुठे किती वाजता हे सगळं एकाच डोक्यात साठत जातं. या घरात ते डोकं बायकोचं होतं, गाडी नवऱ्याची असली तरी.

शनिवारची बैठक आणि पर्याय

शनिवारी दुपारी गॅरेजने 'सोमवारी बघतो' म्हणून सांगितलं. संध्याकाळी दोघं कागद घेऊन बसली. त्यांनी एक गोष्ट ठरवली आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं: गाडी १० दिवस नाही असं धरायचं. लवकर आली तर आनंदच. आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी, गॅरेज काय म्हणतं ते ऐकून, पुढच्या दिवसांचं ठरवायचं.

मग गाडी करत असलेली कामं लिहिली. नवऱ्याला पाच आठवली, बायकोच्या यादीत अकरा निघाली. वडिलांची औषधं आणणं, मुलीचा बुधवारचा पोहण्याचा वर्ग, शाळेत काही विसरलं तर नेऊन देणं ही कामं नवरा करत होता, पण 'जाता जाता'. म्हणून ती काम म्हणून मोजलीच गेली नव्हती. प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण केली: वेळ ठरलेली, वेळ हलवता येणारी, दोन आठवडे सोडून देता येणारी. पोहणं आणि मोठी खरेदी सुटली. औषधं आणि सामान घरपोच. उरली तीन कामं: शाळा, ऑफिस, थेरपी.

सबंध काळासाठी भाड्याची मोटार घेणं हा सर्वांत सरळ पर्याय होता, कारण दिनक्रम जसाच्या तसा चालला असता. पण दिवसाचे नऊ तास ती ऑफिसच्या आवारात उभी राहणार आणि भाडं पूर्ण. अपघात झाल्यास किती रक्कम स्वतःच्या खिशातून जाते ते करारात बघावं लागतं, आणि दुसरा चालक आधीच नोंदवला नसेल तर त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला विमा लागू होईल याची खात्री नसते. त्यांनी दहा दिवसांच्या भाड्याची बेरीज केली. थेरपीसाठी टॅक्सी आणि ऑफिससाठी सहकाऱ्याच्या पेट्रोलात वाटा, या दोन्हींची बेरीज तिच्या निम्म्याहून कमी भरली. रोज टॅक्सीने ऑफिस हा पर्याय भाड्याच्या गाडीच्याही वर गेला. स्कूटर नवऱ्याने न्यावी तर बायकोची सकाळ अडली असती. २४ किलोमीटर पावसात दोन वेळा, हेही वेगळंच.

थेरपी घरी करून घेता येईल का, हेही विचारलं. केंद्राने सांगितलं की व्यायाम घरी शिकवता येतील, पण गुडघा किती अंशांत वाकतो हे मोजणं आणि हाताने वाकवून घेणं प्रत्यक्षच व्हायला हवं. शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सांध्याची हालचाल मिळवावी लागते, नाहीतर तो आखडतो. म्हणून थेरपी 'वेळ ठरलेली' या खुणेखाली गेली. वेळ मात्र बदलून घेतली: साडेपाचऐवजी दुपारी तीन. साडेपाचला टॅक्सी मिळणं आणि ती वेळेवर पोहोचणं, दोन्ही अवघड. तीनला दोन्ही सोपं.

काय केलं

मंगळवारी आणि शुक्रवारी नवऱ्याने घरून काम घेतलं. थेरपीचे दोन तास त्याने संध्याकाळी भरून काढायचे. उरलेले तीन दिवस तो एका सहकाऱ्याबरोबर गेला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, एकदाच ठरवून. सकाळी तीन दिवस बायको मुलीला स्कूटरवर सोडायची, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. दोन दिवस वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या घरच्यांनी नेलं, आणि त्या बदल्यात बायकोने दोन संध्याकाळी दोन्ही मुलींना पायी घरी आणलं. त्या दुसऱ्या घरच्या गाडीसाठी बूस्टर सीट हवी होती. बऱ्याच ठिकाणी १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ती वापरायला सांगतात, कारण त्याआधी पट्टा खांद्याऐवजी मानेवर आणि कमरेऐवजी पोटावर येतो. मुलगी १२० सेंटिमीटरची. सीट गॅरेजमधल्या गाडीत. शनिवारी वॉकर आणायला गेलेल्या नवऱ्याला सीट आठवली नव्हती, म्हणून सोमवारी दुसरी फेरी झाली.

टॅक्सीत गुडघा बदललेल्या माणसाला बसवण्याची एक रीत आहे आणि ती चालकाला आधी सांगावी लागते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करायची. माणसाने सीटकडे पाठ करून आधी बूड टेकवायचं, मग हातांचा आधार घेत मागे सरकून दोन्ही पाय एकेक करून आत घ्यायचे. सीट फार खोल असेल तर खाली घट्ट उशी. गाडी पदपथाला खेटून उभी केली तर उठायला सोपं जाईल असं वाटतं, पण पदपथ उंच असेल तर सीट त्यामानाने आणखी खाली जाते. रस्त्याच्या पातळीवरून चढलेलं बरं. पहिल्या दिवशी चालकाला घाई होती आणि वडिलांचा पाय दाराच्या कडेला लागला. पुढच्या खेपेपासून टॅक्सी आदल्या दिवशी ठरवली आणि निघायच्या वेळेआधी १५ मिनिटं बोलावली.

आणि एक नियम केला. गॅरेजला दिवसातून एकच फोन, साडेचारला, नवऱ्याने करायचा. विचारायचं ते ठरलेलं: आज काय तपासलं, काय सापडलं, कशाची वाट बघताय, पुढचं पाऊल कधी. उत्तर घरच्या ग्रुपवर एका ओळीत टाकायचं. त्याआधी 'गाडी कधी मिळणार' हा प्रश्न दिवसातून पाच-सहा वेळा विचारला जात होता आणि प्रत्येक वेळी नवऱ्याला उत्तर नसल्याची लाज वाटत होती. नियम झाल्यावर प्रश्न संपला.

गॅरेजमधली बाजू

सोमवारी निदान झालं. चार्ज केलेली बॅटरी लावून इंजिन चालू केल्यावर १२.१ व्होल्ट आणि उतरता आकडा. अल्टरनेटर उघडल्यावर दोन्ही कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) झिजून ३-४ मिलिमीटर उरलेले, आणि ते ज्यांवर घासतात त्या आतल्या कड्यांवर तेलकट काजळी. तेल आलं कुठून? टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं आणि या इंजिनात अल्टरनेटर नेमका त्याच्या खाली येतो. बेल्टही तेलाने फुगून चकचकीत झाला होता, म्हणजे घसरत होता. नुसता अल्टरनेटर बदलला असता तर नव्यावरही तेल टपकत राहिलं असतं. 'हे बिघडलं कशामुळे' हा प्रश्न मेकॅनिकने स्वतःहून घेतला. मंगळवारच्या फिटरने तो घेतला नव्हता.

एका ओळखीच्याने फोनवर जुनी युक्ती सांगितली: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला. ती करू नये. बॅटरी व्होल्टेजचे धक्के गिळत असते. ती मधून काढली तर चालू अल्टरनेटर क्षणभर फार मोठं व्होल्टेज फेकू शकतो आणि गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. मल्टिमीटर हे काम कुठलाही धोका न घेता करतो.

पर्याय तीन होते. फक्त कार्बन आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) बदलणं सर्वांत स्वस्त, पण मीटर एसीवर ठेवून मोजल्यावर ०.५ व्होल्टच्या वर लहर दिसत होती. ती डायोड प्लेट (एसी विजेचं डीसी करणारा भाग) कमजोर असल्याची खूण, म्हणजे अर्धवट दुरुस्ती. दुरुस्त करून विकला जाणारा अल्टरनेटर मध्यम किमतीचा, त्यात आत नक्की काय नवीन आणि हमी किती महिन्यांची हे लेखी घ्यायला हवं. तिसरा नवा. त्यांनी नवा घेतला, सोबत बेल्ट आणि पॅकिंग. कारण वडिलांची थेरपी अजून दोन महिने चालणार होती आणि गाडी दुसऱ्यांदा बंद पडलेली त्यांना परवडणारी नव्हती. एरवी दुरुस्त केलेल्या भागाला नाही म्हणण्याचं कारण नव्हतं.

गुरुवारी आलेला भाग चुकीचा निघाला. मॉडेल आणि वर्ष सांगून मागवला होता. त्याच मॉडेलमध्ये दोन प्रकार होते, अँपिअर वेगळे आणि प्लगही वेगळा. अशा भागाची मागणी १७ अक्षरांच्या चेसिस नंबरवरून आणि जुन्या भागावरच्या पट्टीवरच्या क्रमांकावरून करावी. भाग आला की जुन्याशेजारी ठेवून प्लग, पुली आणि बोल्टची भोकं जुळवून बघावीत. या एका चुकीने पाच दिवस गेले. घरात मात्र त्या गुरुवारी भांडण झालं नाही, कारण दहाव्या दिवसापर्यंतची सोय लागलेली होती. रविवारी त्यांनी ठरल्याप्रमाणे पुढचे पाच दिवस नव्याने लावून घेतले.

परिणाम

योग्य भाग मंगळवारी आला, बुधवारी बसला, गुरुवारी गाडी घरी आली. पहिल्या सोमवारपासून १८ वा दिवस. ताब्यात घेताना नवऱ्याने मीटर स्वतः लावून पाहिला: उभ्या गाडीत १२.६, चालू इंजिनात १४.१, सगळे दिवे लावून १३.७. गाडी बंद करून, कुलूप लावून पाऊण तासाने मोजलेली विजेची गळती ३० मिलिअँपिअर. ५० च्या आत असली की ठीक. दरम्यान नवी बॅटरी पूर्ण रिकामी झाली होती, म्हणून गॅरेजने ती ४ अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावली. रिकामी बॅटरी गाडी फिरवून भरायची म्हटलं तर नवा अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीवर तापतो. सुरुवातीलाच तो भार त्याच्यावर टाकू नये. शिवाय गाडीची बॅटरी तळापर्यंत उतरली की तिचं आयुष्य थोडं घटतंच. या बॅटरीचं ते एका आठवड्यातच झालं.

थेरपीच्या एकूण दोनच खेपा बुडाल्या, दोन्ही पहिल्या आठवड्यातल्या. कागद घेऊन बसल्यानंतर एकही नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लाल दिवा पहिल्यांदा मिणमिणला तेव्हाच मीटर लावायला हवा होता. ते चुकलं तरी मंगळवारी फिटरला एकच वाक्य सांगता आलं असतं: 'नवी बसवल्यावर इंजिन चालू करून व्होल्टेज दाखव.' त्यासाठी ना वेगळं गॅरेज लागलं असतं, ना वेगळा खर्च. जुनी बॅटरी दोन दिवस ठेवून घेणं हा दुसरा उपाय; बदल्यात मिळणारी सूट तेवढ्यापुरती थांबली असती.

टोइंगच्या आधी गाडी रिकामी करण्याची यादी फोनमध्ये असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. यादी फार लांब नाही: वॉकर, बूस्टर सीट, कार्ड, घराची जादा किल्ली, कागदपत्रं, आणि किल्लीच्या जुडग्यातून घराच्या किल्ल्या वेगळ्या. त्रिकोण डिकीच्या तळाशी नको, पटकन हाताला लागेल अशा जागी.

दहा दिवसांची बैठक सोमवारीच घ्यायला हवी होती का? इथे मत देणं अवघड आहे. सोमवारी बिघाड जंप केबलने सुटला होता. दहा दिवसांची सोय लावणं तेव्हा अतिरेकी वाटलं असतं. पण मंगळवारी, दुसऱ्यांदा बंद पडल्यावर, तीन दिवसांची सोय लावणं योग्यच ठरलं असतं. दुसऱ्यांदा बंद पडलेली गाडी कारण सापडेपर्यंत भरवशाची धरू नये, विशेषतः त्या गाडीची कुणीतरी दाराशी बसून वाट बघत असेल तर.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. सोय लावण्याचं काम शेवटपर्यंत बायकोकडेच राहिलं. गॅरेजचा फोन नवऱ्याकडे गेला, बाकी टॅक्सी, शाळा, केंद्र सगळं तिच्याकडे. वाटणी करताना दोघांनी फेऱ्या वाटल्या, फोन वाटले नाहीत. गाडी आल्यावर तिने मोटार चालवायचा सराव सुरू केला, रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर. थेरपीची वेळ दुपारी तीनचीच ठेवली. शाळेची दोन दिवसांची अदलाबदलही चालू राहिली, कारण मुलींना ती आवडली होती. कागदावरची अकरा कामं अजून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेली आहेत. त्यांतल्या चारांपुढे आता नवऱ्याचं नाव लिहिलेलं आहे.